बू सुहैल यांची पायवाट

खल्फान बिन मुसल्लम चालत नसत. त्यांच्या पायांना काही झालं नव्हतं. चालायचं कारण पडलं नव्हतं, इतकंच. मशीद घरापासून हाकेच्या अंतरावर होती, तिथेही ते गाडीने जात आणि गाडीनेच परत येत. किराणा दुकानासमोर गाडी उभी करून एकदा हॉर्न वाजवला की दुकानदार दूध आणि पाव घेऊन खिडकीशी हजर होई. उम्म अर्ता या वस्तीत सगळेच असं करतात. म्हणून त्यांनी निसर्ग पाहत पायी फिरायची वाट आखायचं मनावर घेतलं, तेव्हा वस्तीत थोडी चर्चा झाली. चर्चाही रस्त्यात दोन गाड्या समोरासमोर थांबवून, काचा खाली करून झाली.

त्यांना सगळे बू सुहैल म्हणत, म्हणजे सुहैलचे वडील. वय साठीच्या पुढे. नेमकी जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नव्हती, म्हणून त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच जणांसारखी कागदोपत्री ती एक जानेवारी होती. आयुष्यभर त्यांनी नोकरी एकच केली: गाडी चालवण्याच्या परीक्षेत परीक्षकाच्या जागेवर बसणं. शेजारी बसायचं, पट्टा लावायचा आणि उमेदवार गाडी परत आणेपर्यंत तोंड उघडायचं नाही. शेवटी "पास" किंवा "पुन्हा ये" एवढंच म्हणायचं. अबू धाबीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी पुन्हा बोलावलं होतं. मलाही बोलावलं होतं. पुढे काही वर्षांनी मी कामासाठी त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांना माझं नाव आठवेना, पण चूक आठवली.

"उजवा आरसा," ते म्हणाले. "बघितलाच नाहीस."

त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीपासून हमरस्त्याच्या कुंपणापर्यंत मोकळ्या जमिनीचा एक पट्टा आहे. वाळूचे बसके उंचवटे, काही गाफ, एक बोरीचं झाड, बरीच रुई आणि मधूनमधून कडू इंद्रावणाचे वेल. गाफ म्हणजे आपली शमी. इथे दसऱ्याला तिच्याकडे कुणी जात नाही, उंट मात्र पूर्वी वर्षभर जात. शहर दरवर्षी पूर्वेकडे सरकत गेलं, उंट आणखी पूर्वेला गेले आणि हा पट्टा दोन रस्त्यांच्या मध्ये तसाच राहून गेला. तो खल्फानांच्या मालकीचा नव्हता. पण त्यांची आई तिथे शेळ्या राखायची, हिवाळ्यात त्यांचे तंबू तिथे पडायचे, आणि सरकारकडून घर मिळण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी मागून घेतलेला भूखंडही नेमका त्या जमिनीला लागूनच होता.

त्या पट्ट्यावर बाग करायचं ठरलं होतं. कंत्राटदार कंपनीने नकाशा काढला होता: हिरवळ, खजुरांच्या दोन सरळ रांगा, धावायला रबराची पट्टी, बाकी सगळीकडे इंटरलॉकच्या फरशा. गाफांच्या जागी बारीक वर्तुळं होती आणि प्रत्येकाशेजारी "हलवणे" असं लिहिलं होतं. खल्फानांनी तो नकाशा वस्तीच्या सभेत पाहिला आणि कुठे हलवणार, असं विचारलं. ते अजून ठरलेलं नव्हतं.

त्याच सभेत मैथा भेटली. शहराच्या मोकळ्या जागांचं काम पाहणाऱ्या समितीची ती अभियंता. तिशीची, बोलण्यात नेमकी, आणि नात्याने खल्फानांच्या चुलतभावाच्या बायकोच्या माहेरची. तिने सांगितलं की एक दुसराही मार्ग आहे. समिती काही जमिनी आहेत तशाच ठेवते, पण लोक त्या वापरतात हे दिसायला हवं. तिथे आकडे घातलेले खांब असलेली पायवाट करायची. प्रत्येक खांबावर चार ओळींची पाटी. परक्या माणसाने वाटाड्याशिवाय, कुणालाही न विचारता, पहिल्या खांबापासून शेवटच्यापर्यंत आपलं आपण जायचं. चाचणीत ते जमलं तर जमीन तशीच राहील. नाही जमलं तर फेब्रुवारीत हिरवळ.

"वाटाड्याशिवाय का?" खल्फानांनी विचारलं.

"वाटाड्याला पगार द्यावा लागतो, काका."

"मी घेणार नाही."

"तुम्ही बोलणारही नाही," मैथा म्हणाली. "हीच तर अट आहे."

खांब आणि पाट्यांचं काम माझ्या छोट्या कंपनीकडे आलं, म्हणून मी त्यांच्या दारात उभा होतो. त्यांनी मला मुहंदिस म्हणायला सुरुवात केली. म्हणजे इंजिनीअर. हातात यंत्र असलेल्या कुणालाही इथे तसंच म्हणतात.

वाट आखायला आम्ही गाडीतून निघालो. खल्फानांची लँड क्रूझर टायरमधली हवा कमी करून वाळूवर बोटीसारखी चालते. मी उपग्रहाच्या यंत्रावर जागा नोंदवत होतो आणि ते एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने दाखवत होते. नियम साधा होता: एका खांबापाशी उभं राहिल्यावर पुढचा दिसला पाहिजे. दर थांब्यावर ते गाडी थांबवत, पुढे पाहत, "दिसतो" म्हणत, मीही पाहून "दिसतो" म्हणे. गाडीतली हवा थंड होती. दोन दिवसांत काम संपलं.

पाट्यांना जास्त वेळ लागला. एका पाटीवर तीस-चाळीस शब्द मावतात आणि खल्फानांचा सर्वांत मोठ्या गाफाविषयीचा मजकूर जेवणाच्या आधी सुरू होऊन जेवणानंतरही चालला. त्यात त्यांच्या मामाचं लग्न होतं, एका उंटिणीचा मृत्यू होता आणि एका शेजाऱ्याने उसनी नेऊन परत न केलेली चामड्याची पखाल होती. त्या शेजाऱ्याचं पूर्ण नाव पाटीवर यावं असा त्यांचा आग्रह होता. मी म्हटलं, ही झाडाची पाटी आहे. ते म्हणाले, पखाल झाडालाच टांगलेली होती.

हळूहळू त्यांचा हात बसला. सांड्याच्या, म्हणजे वाळूतल्या जाड शेपटीच्या सरड्याच्या, बिळासाठी त्यांनी सांगितलं, "मालक आत आहे. हाका मारू नका." रुईसाठी सांगितलं, "हिचा चीक हाताला लावू नका. लावला असेल तर डोळे चोळू नका. चोळले असतील तर पुढची पाटी नंतर वाचा." मैथाने पहिली दोन वाक्यं ठेवली.

सातव्या थांब्यावर मात्र आमचं अडलं. तिथे काहीच नव्हतं. सपाट वाळू, एक खडा नाही, झुडूप नाही.

"इथे काय आहे, बू सुहैल?"

"इथे मी झालो."

मी ते मैथाला कळवलं. तिने उत्तर पाठवलं की ही निसर्गवाट आहे, माणसांचे जन्म तिच्यात बसत नाहीत. खल्फानांनी ते उत्तर माझ्या फोनवर दोनदा वाचलं.

"तिला विचार," ते म्हणाले, "मी काय कारखान्यात झालो?"

शेवटी पाटीवर लिहिलं, "पूर्वी इथे हिवाळ्यात तंबू असत."  कंपनीच्या नकाशात त्या जागेवर काय येणार आहे, हे त्या दिवशी मी घरी जाऊन पाहिलं. शौचालय येणार होतं.

पहिल्या चाचणीला मैथाने तीन माणसं आणली आणि पहिल्या खांबापाशी सोडली. दुसऱ्या खांबाशी ती तिघं बराच वेळ घुटमळली, मग सरळ खल्फानांच्या फाटकाशी आली. तिसरा खांब लँड क्रूझरच्या सीटवरून स्वच्छ दिसत होता. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला मध्ये फक्त वाळूचा उंचवटा दिसत होता. आखणी करताना आम्हा दोघांपैकी एकानेही पाय जमिनीला लावला नव्हता. फाटकाशी आलेल्या माणसांना वाट विचारायची होती, पण ते राहून गेलं, कारण खल्फानांनी त्यांना बैठकीत नेलं. गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला, खजूर आले, मग पाकातले गोड लुगेमात आले, आणि मैथा आत आली तेव्हा तिघं गहू-मांसाचं हरीस खात होती आणि जायफळ घालतात का यावर बोलत होती.

मैथाने खांबांची चूक तांत्रिक मानली आणि मला पायी फिरून ते नव्याने लावायला सांगितलं. ते मी केलं. खल्फानांशी मात्र तिने स्वतंत्रपणे बोलायचं ठरवलं, आणि बोलली ती फाटकाबाहेर, उभ्यानेच, कारण आत गेली असती तर तिलाही हरीस खावं लागलं असतं.

"काका, आपलं आपण फिरायची वाट आहे ही. तुम्ही कॉफी पाजलीत की ती बैठक होते."

"माझ्या भिंतीला लागून माणसं चाललीत, पोरी. हाक न मारता जाऊ देऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील खल्फानांनी जमीन वाचवली."

"ते नंतर म्हणतील. आधी म्हणतील दारावरून पाहुणा तसाच गेला."

पण फेब्रुवारी जवळ येत होता. दुसऱ्या चाचणीच्या दिवशी खल्फानांनी त्यातल्या त्यात सोय काढली. यजमान घरात नसेल तर पाहुण्याला न बोलावल्याचा दोष त्याच्यावर येत नाही. म्हणून ते सकाळीच लँड क्रूझर घेऊन निघाले आणि पट्ट्याच्या दूरच्या टोकाला, एका उंचवट्याच्या उतारावर गाडी लावून बसले. तिथून वाट दिसत होती. त्यांनी काचा बंद केल्या आणि आरशात पाहत राहिले.

या वेळी चाचणीसाठी फुजैराकडचे चार जण होते. डोंगरातली माणसं, सरकारी नोकरीतली, चालायला दणकट. पहिले तीन खांब त्यांनी पाट्या नीट वाचत पार केले. मी आणि मैथा रस्त्याच्या बाजूने पाहत होतो. चौथ्या खांबाशी चौघे थांबले. एकाने डोळ्यांवर हात धरून दूर पाहिलं. मग चौघेही वाट सोडून, रुईच्या झुडपांतून, झपाझप लँड क्रूझरकडे निघाले.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. वाळूत उतारावर एकटी गाडी उभी आहे, आत एकटा म्हातारा बसला आहे, आणि आपण तसंच पुढे जायचं, असं या देशात कुणी करत नाही. रुतलेल्या गाडीला मदत केल्याशिवाय पुढे जाणाऱ्याचं नावसुद्धा लोक लक्षात ठेवतात.

खल्फानांनी काच खाली केली आणि सांगितलं की मी रुतलेलो नाही. चौघांनी माना डोलावल्या. वाळूत रुतलेला प्रत्येक माणूस आधी तेच म्हणतो. एकजण गुडघ्यांवर बसून चाकाखालची वाळू हातांनी काढू लागला. दुसऱ्याने जवळच राहणाऱ्या मावसभावाला फोन लावून दोरखंड आणायला सांगितलं.

"अरे बाबांनो, मी नुसता बसलोय."

"बसा, काका, बसा. तुम्ही काही करू नका," वाळू काढणारा म्हणाला. "हवा किती आहे टायरमध्ये?"

हे त्यांना लागलं असावं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना पुन्हा बोलावलं, त्याला टायरमधली हवा विचारली गेली होती. त्यांनी चौघांना बाजूला व्हायला सांगितलं, गाडी सुरू केली आणि रुतलेलो नाही हे दाखवून देण्यासाठी जोरात पाय दाबला. चाकं जागच्या जागी फिरली. वाळू मागे उडाली. लँड क्रूझर दारांपर्यंत खाली बसली.

मावसभाऊ दोरखंड घेऊन आला, त्याच्यामागून त्याचे दोन मित्र आपापल्या गाड्या घेऊन आले. गाडी निघायला तासाभराहून जास्त लागला. त्यानंतर एवढ्या माणसांना कोरड्या तोंडाने पाठवणं शक्यच नव्हतं, आणि या वेळी मैथानेही काही म्हटलं नाही. तिने फक्त नोंद केली की चौघेही चौथ्या खांबाशी वाट सोडून गेले. संध्याकाळी मी खल्फानांकडे गेलो तेव्हा ते मागच्या अंगणात एकटेच बसले होते.

"उजवा आरसा बघत होतो," ते म्हणाले. "डावीकडून आले."

मैथाने समितीला पटवलं की दुसऱ्या चाचणीत वाट चुकीची नव्हती, मध्ये गाडी आली. आणखी एक संधी मिळाली. ही शेवटची होती. खल्फानांनी किंवा त्यांच्या घरातल्या कुणीही चालणाऱ्यांना बोलावलं, पाजलं, दाखवलं किंवा मदत करायला लावली, तर हिरवळ येणार. तिने त्यांना त्या दिवशी मुलाकडे दुबईला जाऊन राहायला सुचवलं.

 दोन दिवसांनी त्यांनी तिला फोन केला. मी समोरच होतो.

"चालणाऱ्यांत मी असलो तर?" त्यांनी विचारलं. "मीच चालतो. मग मी यजमान नाही. चालणाऱ्याने कुणाला कॉफी पाजायची नसते."

पलीकडे ती काही वेळ नियम वाचत असावी. नियमात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं की शेजारच्या माणसाने चालू नये. कदाचित तसा प्रश्नच कुणाला सुचला नव्हता. तिने अट घातली की त्यांनी सर्वांत मागे चालायचं, वाट दाखवायची नाही, हात करायचा नाही, खोकायचंसुद्धा नाही.

"पोरी, मी कितीतरी वर्षं लोकांना भिंतीवर गाडी नेताना गप्प बसून पाहिलंय," ते म्हणाले.

"पण भिंत तुमची नव्हती, काका."

घरात हे सांगणं अवघड गेलं. वाट त्यांच्या फाटकावरूनच जाते, आणि इथल्या घरांची फाटकं सकाळपासून उघडी असतात. खल्फानांनी बायकोला, सलामाला, त्या सकाळी फाटक लावून घ्यायला सांगितलं. सलामा उंच आणि शांत बाई, चेहऱ्यावर सोनेरी बुरखापट्टी, बोलणं कमी. मी बैठकीत होतो, आणि तिचं बोलणं आतून मला स्पष्ट ऐकू आलं.

"पाहुणे दारावरून जाणार आणि मी दार लावून बसू? माझ्या आईने मला हे शिकवलं नाही. तुमच्या आईनेही तुम्हांला शिकवलं नव्हतं, मी त्यांच्या हाताखाली राहिलेय."

खल्फान म्हणाले की जमीन आईचीच आहे.

"मग तिलाच विचारा," सलामा म्हणाली, आणि पुढे काही ऐकू आलं नाही.

चाचणीच्या सकाळी धुकं होतं. जानेवारीत इथे असं धुकं पडतं की गाफांच्या पानांवरून पाणी ठिबकतं आणि खाली वाळूत भोकं पडतात. खल्फान पायघोळ पांढऱ्या कंदुऱ्याखाली मुलाने आणलेले निळे बूट घालून आले. पहिल्या खांबापर्यंतसुद्धा ते पायीच आले. वस्तीतल्या दोन गाड्या ते पाहायला थांबल्या. एकाने काच खाली करून गाडी बिघडली का, असं विचारलं, आणि सोडू का म्हणाला.

त्यांच्यासोबत चालणारे चार जण होते. फिलिपिनो परिचारिका मेरिसेल आणि तिची मैत्रीण, एका शाळेतले सीरियन शिक्षक, आणि बशीर नावाचे सुदानी हिशेबनीस, ज्यांच्या पाठीवर मोठी पिशवी होती. खल्फान कोण आहेत हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. मी आणि मैथा ऐकू येईल एवढं अंतर ठेवून मागे होतो.

पहिल्या पाटीशी चौघे थांबले, खल्फानही थांबले. स्वतःच सांगितलेला मजकूर त्यांनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला, जणू त्यात काही नवं निघालं असतं. सांड्याच्या बिळाशी मेरिसेलने वाकून आत पाहिलं आणि हळू आवाजात "हॅलो" म्हटलं. खल्फानांनी मान फिरवली. रुईच्या पाटीशी शिक्षकांनी मैत्रिणीला सांगितलं की हा सगळा अरबी औषधांचा खजिना आहे, प्रत्येक पान औषधी, आणि त्यांनी जे जे सांगितलं त्यातलं बरंच चूक असावं, कारण मागे उभ्या असलेल्या खल्फानांचे ओठ घट्ट मिटत गेले. पण मिटलेलेच राहिले.

पाचव्या खांबाच्या पाटीवर शेवटी लिहिलं होतं, "पुढचा खांब दोन गाफांच्या मधून दिसतो." धुक्यात आधी भलतेच दोन गाफ दिसले. शिक्षकांनी "तिकडे" म्हटलं आणि सगळे हमरस्त्याच्या कुंपणाकडे निघाले. खल्फान त्यांच्यामागे निघाले. मी मैथाकडे पाहिलं. ती आपल्या बुटांकडे पाहत होती.

बरंच पुढे गेल्यावर कुंपण लागलं. पलीकडून ट्रक जात होते. चौघे तारांशी उभे राहिले. शिक्षक म्हणाले की वाट इथेच संपत असणार, कारण पुढे रस्ता आहे. कुंपणाच्या दाराने बाहेर पडून टॅक्सी धरता येईल, असंही ते म्हणाले. दार खरंच होतं, आणि उघडं होतं.

मेरिसेल मागे वळून खल्फानांकडे आली.

"काका, तुम्ही इथलेच दिसता. सहावा खांब कुठे आहे, माहीत आहे?"

 खल्फानांना तो खांब मी लावला तो दिवस आठवत असणार. तो गाफ त्याआधी कितीतरी वर्षांपासून आठवत असणार.

"आज मीही तुमच्यासारखाच चालतोय," ते म्हणाले.

ती थोडी हसली. मग उघड्या दाराकडे एकदा पाहून म्हणाली की आमच्या वॉर्डात काही सापडेनासं झालं की शेवटी जिथे पाहिलं होतं तिथे परत जायचं. ती एकटीच पाचव्या खांबाकडे निघाली. मैत्रीण तिच्यामागे, मग बशीर, आणि टॅक्सीचा विचार थोडा वेळ करून शिक्षकही. खल्फान पुन्हा सर्वांत मागे. तोपर्यंत धुकं जरा विरलं होतं. मेरिसेल खांबाला पाठ लावून उभी राहिली, पाटी पुन्हा वाचली, आणि डावीकडे आणखी दोन गाफ उभे असलेले तिला दिसले. मधोमध सहावा खांब होता.

सातव्या थांब्याशी कुणी फारसं थांबलं नाही. तिथे पाहायला काही नव्हतं. बशीरनी तेवढी पाटी वाचली, सपाट वाळूकडे पाहिलं आणि खल्फानांना म्हणाले, "जागा चांगली निवडली होती. वाऱ्याला आडोसा आहे."

 चालू लागायच्या आधी खल्फान त्या जागेवर जरा उभे राहिले. चालणारा माणूस तेवढा दम खातोच, त्यामुळे मैथाने ते मोजलं नाही.

मग वाट त्यांच्या भिंतीला लागली. भिंतीकडेने सगळे फाटकाशी आले. फाटक बंद होतं. मी इतक्या वेळा त्या घरी गेलो होतो, पण ते फाटक पुढून कसं दिसतं हे मला त्या दिवशी कळलं. हिरव्या पत्र्यावर दोन पितळी दल्ल्या आहेत. दल्ला म्हणजे गहव्याची किटली. चौघे फाटकावरून पुढे गेले. कुणी पाहिलंसुद्धा नाही. खल्फान फाटकासमोर आले तेव्हा त्यांचा उजवा हात थोडा उचलला गेला, छातीपर्यंत, पाहुण्याला आत बोलावताना जातो तसा. तो तिथेच राहिला. मग त्यांनी त्या हाताने कंदुऱ्याचं बटण नीट केलं आणि पुढे चालत राहिले.

शेवटच्या खांबाशी मैथाने चौघांच्या आणि मग खल्फानांच्या नावापुढे खूण केली.

"झालं, काका."

"झालं म्हणजे?"

"हिरवळ येणार नाही. फरशाही नाहीत. जमीन अशीच राहील."

त्यांनी ते ऐकलं आणि लगेच वळून चौघांना सांगितलं की ते या घराचे मालक आहेत, आणि आता सगळ्यांनी आत यायचं आहे. कुणाचंही काही चालणार नाही. शिक्षकांनी शाळेचं कारण काढलं, ते त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. सगळे त्यांच्यामागून फाटकाशी परत आले. त्यांनी फाटक ढकललं. ते उघडलं नाही. आतून कडी नव्हती, कुलूप होतं. त्यांनी सलामाला फोन लावला आणि ती बोलत असताना फोन कानापासून थोडा लांब धरला, त्यामुळे आम्हांला सगळं ऐकू आलं.

"फाटक लावायला सांगितलंत. लावलं. ते लावून आत बसणं मला जमणार नव्हतं, म्हणून मी अल ऐनला बहिणीकडे आलेय."

"किल्ली?"

"माझ्याकडे आहे. तुमचे ते लोक गेले ना?"

"गेले नाहीत. फाटकाशी उभे आहेत."



"उभे आहेत?" सलामा म्हणाली. "बसवा तरी कुठेतरी. निघतेच मी. दीड तास लागेल."

खल्फानांकडे त्या वेळी खजूर नव्हते, गहवा नव्हता, सतरंजी नव्हती, पाण्याचा घोट नव्हता. लँड क्रूझर फाटकाच्या आत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्यांना सर्वांत मोठ्या गाफाखाली नेलं. तिथे वाळू कोरडी होती. सगळे बसले. खल्फान उभेच राहिले, कारण रिकाम्या हातांनी पाहुण्यांसमोर बसायचं कसं, हे त्यांना माहीत नव्हतं.

बशीरनी पाठीवरची पिशवी काढली. तिच्यात मोठा थर्मास होता, दूध घातलेला करक चहा आणि कागदी पेल्यांची चळत. त्यांनी पहिला पेला भरला आणि वयाचा मान म्हणून खल्फानांपुढे धरला.

"बसा, काका. आमच्याकडचा आहे, साखर जास्त असते."

खल्फान बसले. उजव्या हाताने पेला घेतला आणि प्यायले. पुरे झालं की इथे रिकामा पेला हातात जरासा हलवून दाखवायचा असतो. न हलवला तर समोरच्याने भरत राहायचं. बशीरना हे ठाऊक होतं, म्हणून ते थर्मास तिरका धरून थांबले. खल्फानांनी पेला स्थिर धरला. बशीरनी तो भरला.

हमरस्त्यावरून गाड्या जात होत्या. एक त्यांच्याकडे पाहून हळू झाली, कदाचित कुणी रुतलंय का ते पाहायला, आणि पुढे गेली. खल्फानांनी दुसरा पेलाही संपवला आणि तसाच, न हलवता, पुढे केला.